पान उलटायच्या आधी

"आदी गळा, मग डोळा. गळ्यात बसू द्या गं पोरींनो, डोळ्यात आपसूक उतरतंय."

हा आवाज केराबाईंचा. छत्तीस वर्षांपूर्वी मैंदर्गीच्या पलीकडे, माळावरच्या एका वस्तीत, दोन खोल्यांच्या शाळेत चंद्रिकानं तो पहिल्यांदा ऐकला. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या, नोकरी नवी कोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. जात्याच्या घरघरीत वाढलेलं माणूस. त्यांना साधं बोलता येई, पण धडा साधा वाचता येत नसे. पाढे असोत, नद्या असोत की उंटाचा धडा, बाई त्याला ओवीची चाल लावत. 'उंट माळाचा पाव्हणा, पाठीवरती त्याचं घर, वाळू तापू दे तापू दे, पाय त्याचं गार गार.' चाळीस पोरं पत्र्याखाली डुलत म्हणायची. पोरांच्या घरी कानडी. आई हाक मारायची ती कानडीत, शेळीला हाकलायचं ते कानडीत, स्वप्नंही बहुतेक कानडीतच पडत असावीत. मराठी आली ती गाणं होऊन. अर्थ मागाहून आला, सवडीनं, लग्न लागल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखा.

शनिवारी सकाळी सोलापुरात, होटगी रोडच्या घरी, चहाचं आधण ठेवता ठेवता चंद्रिकाला तीच चाल ऐकू आली. ज्वारीच्या पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून. चाल पार झिजवलेली होती, वाचनाच्या सपाट सुरात दडवलेली. दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. पण ज्या चालीत माणूस आधी श्वास घ्यायला शिकतं, ती त्याला शेजारच्या घरातनंही ओळखू येते.

चंद्रिका केंद्रप्रमुख. चौदा शाळा तिच्याकडे. देशभरासाठी 'निपुण' म्हणून एक मानक ठरलेलं आहे, की तिसरी संपताना मुलानं मिनिटाला निदान साठ शब्द वाचावेत, अर्थ कळून वाचावेत. शाळेनं प्रत्येक मुलाचा व्हिडिओ पाठवायचा, केंद्रप्रमुखानं बघायचा, आणि खालच्या चौकोनात टिक करायची. सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या टिका गेल्या पाहिजेत. आज वस्तीच्या शाळेची पाळी होती. नऊ मुलं तिसरीत, आठ झाली, ही नववी. आरोही. तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, गणवेशाच्या बाहीला सेफ्टी पिन. वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या दहा उताऱ्यांच्या पुस्तिकेतला सातवा उतारा ती वाचत होती. सकाळ झाली. कोंबडा आरवला. आजीने अंगण झाडले. पाण्यासारखं वाचत होती. साठ काय, ऐंशी शब्द सहज भरले असते. पान संपलं ते एका प्रश्नावर: दारात कोण उभे होते? आणि आरोहीनं त्याच दमात सांगून टाकलं, "दारात एक करडू उभे होते." मग थांबली. मग हात पुढे करून पान उलटलं.

चंद्रिकानं व्हिडिओ मागे नेला. पुन्हा लावला. करडू आधी आलं, पान नंतर उलटलं.

"चहा उतू गेला बघ," मल्हार आतून येत म्हणाला. त्यानंच गॅस बंद केला. बायकोच्या खांद्यावरून त्यानंही बघितलं. "हुशार आहे की पोरगी. पुढचं पान हितनंच दिसतंय तिला." त्याला हसू आलं. चंद्रिकाला आलं नाही, तसं तो म्हणाला, "अगं, तुझ्या बाईंची शाळा ना? महिन्याभरात रिटायर व्हायल्यात त्या. टिक कर, चहा टाक परत."

तिनं चहा टाकला. टिक केली नाही. ओट्याची कडा धरून उभी राहिली. एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितलेली नव्हती. आईला नाही, मल्हारला नाही, बी. एड.च्या वर्गात मन मोकळं करायला सांगितलं तेव्हाही नाही. चंद्रिकाला तिसरीत वाचता येत नव्हतं. चौथीतही नाही. उंटाचा धडा तिला असा पाठ होता की उंटाचं चित्र दिसलं की तोंड सुटायचं, आणि चित्रावरून पान ओळखायचं, एवढंच काय ते तिचं वाचन. तिसरीच्या वर्षी तालुक्याहून साहेब आले होते, जीपमधून, डोक्यावर टोपी. बाईंनी पहिली तिलाच उभी केली. तिनं पुस्तक उघडलं, उंट शोधला, आणि म्हणाली, घडाघडा, एकही अक्षर न अडखळता. साहेबांनी खिशातली पेन्सिल काढून दिली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. छत्तीस वर्षं बाई ती गोष्ट सांगत आल्या आहेत. शिक्षकांच्या बैठकीत, वास्तुशांतीत, चंद्रिकाच्या स्वतःच्या लग्नात वऱ्हाडासमोर. "कानडी घरातली पोर, पण सायबापुढं अशी वाचली की साहेब उठून उभे राहिले." साहेब मुळात उभेच होते. पण दरवर्षी गोष्टीत ते बसत गेले, आणि दरवर्षी उठत गेले.

चौथी झाली आणि वडील यंत्रमागावर कामाला म्हणून सगळे सोलापूरला आले. शहरातल्या शाळेत उंट नव्हता. होते ते नवे धडे, आणि गाणं म्हणणं तर दूरच, जोरात श्वास घेतला तरी छडी उगारणारे मास्तर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावरची ओळ वाचायला सांगितली. ती बघत राहिली. फळ्यावर खडूच्या रेघा होत्या, एकमेकींचे हात धरून वरच्या रेघेला लोंबकळणाऱ्या. अकरा वर्षांच्या पोरीला सुचलं ते ती बोलली: दिसत नाही. पण मास्तर मनाचे चांगले होते, त्यांनी घरी कळवलं. आईनं चार महिने टॉवेलांच्या दशा वळून जे साठवलं होतं त्यातनं चष्मा आला. डोळे निरोगी, त्यावर चष्मा. जग कडेनं वाकडं झालं, डोकं ठणकायचं, जिना उतरताना पायरी कुठं आहे ते पायानं चाचपावं लागायचं. वर्षभर तिनं तो चष्मा लावला. आई शेजारच्या ईरम्माला कौतुकानं सांगायची, "लई वाचती, डोळं गेलं बगा." ईरम्मा चुकचुकायची आणि गाजर आणून द्यायची. गाजर खाताना चंद्रिकाला रडू यायचं, आणि दोघी बाया म्हणायच्या, बघा, डोळ्यांतनं पाणीबी येतंय.

वाचायला ती शिकली एसटी स्टँडवर. रविवारी आजोबा गावाकडून यायचे, त्यांना उतरवून घ्यायला वडील तिला नेत आणि स्वतः चहाला जात. कंडक्टर ओरडायचा, होटगी होटगी होटगी, आणि गाडीच्या कपाळावर पाटी. दुसरा ओरडायचा, अक्कलकोट अक्कलकोट, त्याच्या गाडीवर दुसरी पाटी. एके रविवारी, कधी कसं ते देवाला ठाऊक, तिच्या ध्यानात आलं की अक्कलकोटच्या शेवटाला आणि होटगीच्या मधोमध जीभ एकच काम करते, आणि दोन्ही पाट्यांवर त्या जागी एकच आकार आहे. तिनं चष्मा काढला. स्टँडभर फिरली. तुळजापूर, बार्शी, पंढरपूर, मोहोळ. कानात आधी असलेलं एक एक गाव पाटीवर येऊन बसत होतं, चिमण्या तारेवर येऊन बसाव्यात तसं. वडील शोधत आले तेव्हा ती मंगळवेढ्याच्या गाडीखाली जायच्या बेतात होती. त्यांनी थोबाडीत दिली. तिला लागलं नाही.

म्हणजे बाईंचं खोटं नव्हतं. आधी गळा, मग डोळा. उतरलंच की शेवटी. पण मधली दोन वर्षं? ती दोन वर्षं चंद्रिका कधी कुणाला देऊ शकली नव्हती, टाकूनही देऊ शकली नव्हती. म्हणून हे साठ शब्दांचं मानक आलं तेव्हा केंद्रातल्या सगळ्या मुख्याध्यापकांनी नाकं मुरडली, कुणी म्हणालं दिल्लीत बसून पोरांना घड्याळ लावलंय, आणि ती एकटी मनातून हरखली होती. तिला तो आकडा चाळणीसारखा वाटला होता. या चाळणीतून कुणी खाली निसटणार नाही. कुणीतरी बघेल. आणि आता बघणारी ती, आणि चाळणी हातात, आणि वर शाळा केराबाईंची.

स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीशी उभी राहीपर्यंत तिला कळलंही नाही की आपण निघालोय. स्कूटीवर एवढं लांब जायला तिला उन्हाची भीती वाटे. एप्रिल संपत आला होता, सकाळी आठलाच सीटचं रेक्झिन चटका देत होतं. अक्कलकोटला गाडी बदलली. खिडकीतून माळ सुरू झाला, काळी ढेकळं, मधेच एखादं कडुलिंब, मेंढरांचा कळप एकाच सावलीत डोकी खुपसून. शेजारची बाई कंडक्टरशी कानडीत भांडत होती, चंद्रिका नकळत दोघांच्या मधे दोन शब्द बोलून गेली, आणि बाई म्हणाली, अगं बाई, आमचीच की तू. आपलीच, खरं. किती सोपं असतं कुणीतरी असं ओळखणं.

शनिवारची सकाळची शाळा. फाटकातून बघितलं तर बाई ओसरीवर खुर्ची टाकून निकालपत्रकं भरत होत्या. केस पांढरे, कुंकू आता चार आण्याएवढं. बदल्यांच्या चकरा मारून शेवटची सहा वर्षं त्या पुन्हा याच वस्तीवर आल्या होत्या.

"या या, केंद्रप्रमुख मॅडम. न कळवता? शिपायाला च्या टाकाय सांगते," आणि इकडं तिकडं बघून, "शिपाई म्हंजे मीच की." हसल्या. चंद्रिका वाकून पाया पडली तशी तिच्या पाठीत धपाटा बसला. "वाळलीस. मल्हारराव जेवू घालत न्हाईत व्हय?"

खिचडीच्या चुलीपाशी काशम्मा होती, आरोहीची आजी, शाळेत पोरांचं जेवण करणारी. पदराला हात पुसत लगबगीनं आली. "मॅडम, फोनमदी बगितला का आमच्या आरूला? बाईंनी मला दाकवलं. मला काय कळतंय, मला अक्षर न्हाय की. खरं लई चांगलं वाटलं. आमच्या घरात पैली हाय ती वाचनारी."

"बघितलं," चंद्रिका म्हणाली. "म्हणूनच आलेय. जरा बसते तिच्यासोबत."

आतल्या खोलीत गारवा होता. आरोही मांडी घालून समोर बसली, पुस्तिका मांडीवर. चंद्रिकानं पाटीवर एकच शब्द लिहिला: करडू. पोर पाटीकडं बघत राहिली. मग तिनं पुस्तिका उघडली, ओठातल्या ओठात सुरू केलं, सकाळ झाली, कोंबडा आरवला, आणि प्रत्येक शब्दापाशी थांबून पाटीकडं बघायची, पुस्तकाकडं बघायची, मान हलवायची, पुढं जायची. आजीनं अंगण झाडलं. विहिरीवर गेली. पान उलटलं. अखेर एका जागी थांबली, पाटी उचलून पुस्तकाला लावून बघितली, आणि दबकत म्हणाली, "करडू?"

"बरोबर."

पोरीचा चेहरा उजळला. बाहेर घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कावळा बसला होता. मिनिटाला साठ शब्दांच्या जगात हा एक शब्द दीड मिनिटाचा होता, आणि चंद्रिकाला वाटलं आपण इतकं सुंदर वाचन बऱ्याच दिवसांत बघितलेलं नाही. गाण्याची शिडी करून पोर एक एक पायरी खाली येत होती, आणि जमीन फार दूर राहिली नव्हती. पण राहिली होती. तिनं पाटी पुसली, दुसरा शब्द लिहिला, उताऱ्यात नसलेला: घरटे. आरोहीनं सुरुवातीपासून म्हटलं. शेवटाला पोचली. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. कपाळावर घाम आला.

"ह्ये ह्यात न्हाय," ती म्हणाली.

"नाही. तुला येईल का असंच, गाणं न म्हणता?"

आरोहीनं दाराकडं बघितलं. ओसरीवर बाईंच्या पेनाचा कागदावर खरखर आवाज येत होता. मग ती पुढं सरकली, मॅडमच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि कानडीत म्हणाली, अगदी हळू, की नाही येत, आणि मग मराठीत, "बाईस्नी सांगू नगा. त्यास्नी लई बरं वाटलंय."

चंद्रिकानं तिच्या सुटलेल्या वेणीची रिबीन बांधून दिली. तेवढंच तिला करता आलं.

शाळा सुटली. पोरं खिचडी खाऊन पांगली. काशम्मा पातेली घासायला हातपंपावर गेली, आरोही पंप हापसायला. ओसरीवर दोघी उरल्या. बाईंनी चहा केला होता, गुळाचा, आलं ठेचून. चंद्रिकाला तो असाच आवडतो हे त्यांना छत्तीस वर्षं ठाऊक.

"मग? बसली का तुमची टिक?"

"आठ बसल्या, बाई. आरोहीची नाही बसत."

बाई हसल्या. मग हसू तसंच राहिलं आणि त्यातलं माणूस निघून गेलं. "फोनमदी नीट आलं न्हाय व्हय?"

"फोनमधे नीटच आलंय. तिला वाचता येत नाही. सगळं पाठ आहे."

"पाट न्हाय त्ये, गळ्यात हाय," बाई जरा चढ्या आवाजात बोलल्या. "घरात कानडी, आजीला सही येत न्हाय, बाप ऊसतोडीला श्रीपूरला. गळ्यात उतरवलं न्हाय तर धरायचं काय तिनं? उतरतंय हळूहळू. चौथीत येतंय बघ तिला."

"येईल. तुम्ही असता तर नक्की आलं असतं. पण चौथीत तुम्ही नाही, बाई. जूनला नवे गुरुजी येतील. त्यांच्या कागदावर ती वाचणारी म्हणून आलेली असेल. कोण बघेल तिच्याकडं?"

बाईंनी कप खाली ठेवला. हातपंपाची दांडी वर खाली होत होती, तिचा करकर आवाज. "माळप्पा सरपंचांनी फलक छापाय दिलाय," त्या म्हणाल्या, आता हळू. "शंभर टक्के निपुण शाळा. तालुक्याचे साहेब येणार हाईत निरोपाला. मला न्हाय गं त्याचं. म्हंजे, हाय. न्हाय कशाला म्हनू."

"मी आजच कळवते, नऊपैकी आठ. जूनच्या आधी पुन्हा चाचणी घेता येते. मे महिना आहे अख्खा. आठवड्यातनं दोन दिवस मी येते, बाकीचे दिवस तुम्ही. गाणं सोडायचं नाही, गाण्यातनंच सुटे शब्द काढायचे. तिला थोडंच राहिलंय, मी बघितलं आत्ता. पण राहिलंय हे लिहायला लागेल." तिनं फोन काढला. चौकोनाशेजारी दुसरा चौकोन होता: अजून नाही. त्यावर बोट टेकवलं. काही आवाज झाला नाही, कुठं काही पडलं नाही. फोन पर्समधे गेला.

ओसरीच्या कडेला पाठ घासत एक शेळी गेली. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पडती बाजू सावरायला माणूस जे सगळ्यांत जवळचं असतं तेच हाताशी घेतं, तसं त्यांनी घेतलं. "तुज्या येळी कुटं होतं गं मानक न् फानक? तू न्हाईस का शिकलीस? ह्याच खोलीत. साहेब बसल्याले, मी म्हनले, चंद्रिका, ऊठ. आन् तू अशी वाचलीस, अशी वाचलीस, की साहेब..."

आता हसायचं असतं, हे चंद्रिकाला माहीत होतं. इथं हसायचं, मग पेन्सिलीपाशी मान खाली घालायची. वऱ्हाडासमोरही तिनं तसंच केलं होतं. तिनं बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात हलका झाला होता, शिरा वर आलेल्या, तर्जनीला निळी शाई.

"बाई, त्या दिवशी मी वाचत नव्हते. मला येत नव्हतं. पाचवीची दिवाळी झाली तरी येत नव्हतं."

"काय तरीच. आगं, साहेब सोता..."

"साहेबांकडं मी बघतच नव्हते. तुमच्याकडं बघत होते." ती थांबली. मास्तर, आई, मल्हार, इतकी वर्षं, आणि हे वाक्य किती छोटं होतं. "मला वाटायचं, बाई तरी ओळखतील. तुमी ओळखावं म्हणून मी कवा कवा मुद्दाम भलत्याच ओळीवर बोट ठेवायची, बाई."